बडोदे पाहुण्यांस कसे दाखवावे?

उन्हाळ्याची सुटी लागली की बडोद्यातील मराठी घरांतून पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. पुण्याची आत्या येते, साताऱ्याचे काका येतात, रत्नागिरीहून मावसभावंडे आंब्याची पेटी घेऊन उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी प्रश्न निघतो, “तुमच्या बडोद्यात पाहण्यासारखे काय आहे?” वडीलमंडळी कामावर जातात, आई स्वयंपाकात गुंतलेली असते, तेव्हा पाहुण्यांना हिंडविण्याचे काम साहजिकच तुमच्याकडे येते. कार्यक्रमही ठरलेला असतो. लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग, सूरसागरातील शंकराची भव्य मूर्ती, आणि परतताना बरोबर देण्यासाठी लीलो चेवडो. दीड दिवसात सारे आटोपते. पाहुणे घरी जाऊन सांगतात, “राजवाडा फार मोठा आहे हो!” आणि बडोदे संपते.

या कार्यक्रमात वावगे असे काही नाही. परंतु बडोदे हे नुसते मोठे शहर नव्हे. सुमारे दोन शतके ते एका राज्याची राजधानी होते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून हा मुलूख गुजरात राज्यात आला. राजधानीचे राजधानीपण गेल्यावर तिच्यात काय उरते, आणि जे उरते ते आज कोणाच्या उपयोगी पडते, हे ज्याला दाखविता आले त्याने बडोदे दाखविले असे मी समजेन.

यासाठी दुसऱ्या एका राजधानीशी तुलना करून पाहा. आमच्या गोव्यातील जुने गोवे ही एके काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होती. रोगराईने ते नगर ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीला मिळाला. आज तेथे बाँ जेझूची बासिलिका आहे, से कॅथेड्रल आहे, इतरही देखणी मंदिरे आहेत. पण त्यांच्या भोवतीचे नगर नाही. पेठा नाहीत, वाडे नाहीत, संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसे नाहीत. प्रवासी बसमधून उतरतो, माना उंचावून छत पाहतो आणि निघून जातो. तेथे नगर गेले आणि इमारती राहिल्या. बडोद्यात याच्या उलट घडले. येथे राज्य गेले, पण नगर जागेवर राहिले आणि राज्याने उभारलेल्या कित्येक गोष्टी त्या नगराच्या रोजच्या उपयोगात राहिल्या. म्हणून बडोदे हे जुन्या गोव्यासारखे पाहावयाचे नाही; ते चालत, माणसांतून वाट काढीत पाहावयाचे.

माझी पहिली सूचना अशी, की राजवाड्यापासून आरंभ करू नये. आरंभ मांडवीपासून करावा. जुन्या शहराचे दोन मुख्य रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे ही चारी बाजूंनी कमानी असलेली मोगल काळातील वास्तू उभी आहे. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचे ठिकाण. तिच्याभोवती चार दिशांना लेहरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी असे चार दरवाजे. पाहुण्यांना मांडवीपाशी उभे करून एकदा चारी दिशांना पाहू द्यावे. जुन्या शहराचा नकाशा त्यांच्या ध्यानात येईल. गाव मात्र याहून पुष्कळ जुने आहे. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात ‘वटपद्रक’ नावाच्या गावाचे दान दिल्याचा उल्लेख सापडतो. वडांच्या झाडांवरून पडलेले ते नाव. त्याचेच वडोदरा झाले, मराठी माणसाच्या तोंडी बडोदे झाले, इंग्रजांनी त्याचे बरोडा केले. सरकारी नाव १९७४ पासून वडोदरा असे आहे. घरात आपण बडोदे म्हणतो, दोन्ही ठीक.

पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुजरातेत पाय रोवले. १७३२ साली डाकोर येथे त्यांचा विश्वासघाताने वध झाला, आणि १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले. मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून कार्तिकी एकादशीस आजही थाटाचा वरघोडा निघतो. पंढरीचा विठोबा गुजराती वरघोड्यातून, बँडच्या गजरात, गुजराती भाविकांच्या गर्दीतून मिरवतो, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला या शहराचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही. पाहुणे उन्हाळ्यात येतात, वरघोडा कार्तिकात असतो. तेव्हा तो त्यांना तोंडी वर्णन करूनच सांगावा लागेल.

मांडवीपासून थोड्या अंतरावर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. बडोद्यातील सर्वांत प्रेक्षणीय वास्तू कोणती असे मला विचाराल, तर मी राजवाडा न म्हणता हिचे नाव घेईन. पण ती समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास हवा.

खंडेराव महाराज १८५६ ते १८७० पर्यंत गादीवर होते. त्यांनी मोत्यांची एक चादर करविली. तिच्यावर लक्षावधी मोती आणि रत्ने जडविलेली. मदिनेस अर्पण करण्यासाठी ती केली होती असे परंपरा सांगते. चांदीच्या तोफाही त्यांच्याच काळच्या. त्यांच्यामागून आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. तोफा खऱ्या सोन्याच्या, पण त्यांनी राज्याचे रक्षण झाले नाही. १८७५ साली गैरकारभाराच्या कारणावरून इंग्रज सरकारने मल्हाररावांस पदच्युत केले. मग खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा, गोपाळ, दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज तिसरे. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना पूर्ण अधिकार मिळाले आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मृत्यू येईपर्यंत ते गादीवर होते. मोत्यांची ती चादर पुढे बडोद्याबाहेर गेली. २००९ साली दोहा येथे तिचा लिलाव झाला आणि ती सुमारे पंचावन्न लक्ष डॉलरांना विकली गेली. ज्या नजरबाग राजवाड्यात त्या तोफा दाखवीत असत तो राजवाडाही २०१४ साली पाडण्यात आला. म्हणजे ज्या वस्तू डोळे दिपविण्यासाठी केल्या होत्या त्या आज पाहुण्यांना दाखविता येत नाहीत. आता ग्रंथालयात चला.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यास लागू केला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात मांडले, आणि १९१२ मध्ये ते नामंजूर झाले. बडोद्यात मूल शाळेत जाऊ लागले. पण शाळा सोडल्यावर वाचावयास पुस्तक मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसून जातात, हे महाराजांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले आणि आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांच्या ग्रंथालयासाठी दिले. गावोगावी ग्रंथालये निघाली. जेथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. पेटी गावात काही काळ राही, मग बदलून दुसरी येई. या कामी मोतीभाई अमीन यांनी गुजरातेतील खेड्यांतून जे श्रम केले त्यांस तोड नाही.

सध्याची ग्रंथालयाची इमारत १९३१ साली खुली झाली. आतील पुस्तकांचा विभाग पाहण्याची परवानगी नम्रपणे मागावी. तेथे पोलादी मांडण्या एकावर एक मजल्यांनी चढत गेल्या आहेत आणि मधले तक्तपोस लाकडाचे वा दगडाचे नसून जाड काचेच्या लाद्यांचे आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा आणि पुस्तकांत दिवा न्यावा लागू नये, अशी ही योजना. काचेवर पाऊल टाकताना लहान मुले घाबरतात, मोठी माणसेही क्षणभर थबकतात. राजाने स्वतःच्या वैभवासाठी काच वापरली ती झुंबरात. येथे ती कोणातरी अनोळखी वाचकाला पुस्तकाच्या पाठीवरचे नाव दिसावे म्हणून पायाखाली घातली आहे. तुमच्यापैकी किती जण त्या काचेवर उभे राहिले आहात? माझ्या वर्गात मी हा प्रश्न केला, तेव्हा चाळीस मुलांतून तीन हात वर झाले.

भाषेची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण पाहुणे ती हटकून विचारतात. “राज्य मराठ्यांचे, मग सगळीकडे गुजराती पाट्या कशा?” उत्तर असे, की राजघराण्याची भाषा मराठी असली तरी प्रजा बहुतांशी गुजराती होती आणि राज्यकारभार गुजरातीतून चाले. इतकेच नव्हे, तर कारभारातील शब्द देशी भाषांत असावेत म्हणून महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा अनेक भाषांचा कोश करविला. त्यात मराठी आहे, गुजराती आहे, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसीही आहेत. मराठीचा मान त्यामुळे कमी झाला नाही. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा भरले आहे. ज्या माणसाने आपली भाषा प्रजेवर लादली नाही त्याच्या गावी आपली भाषा आपण होऊन टिकविणे हे आपले काम राहते. मराठी शाळेतील मुलांना ते अधिक फोडून सांगावयास नको.

ग्रंथालयानंतर तांबेकर वाडा. रावपुऱ्यातील एका पोळीत शिरून तो शोधावा लागतो आणि वाटेत दोनदा तरी विचारावे लागते. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चौमजली लाकडी वाडा. बाहेरून पाहिल्यास पाहुणा म्हणेल, “असे वाडे आमच्याकडे शनिवार पेठेत पुष्कळ होते.” पण आत भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रांच्या रांगाच रांगा आहेत. महाभारतातील प्रसंग आहेत, कृष्णलीला आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मराठे व इंग्रज यांची लढाई, टोपीवाले शिपाई, युरोपी पेहरावातल्या स्त्रिया. चित्रकाराला पुराण आणि आपल्या काळच्या घडामोडी यांत अंतर वाटत नव्हते. वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चित्रांना हात लावू नये, पाठ टेकू नये, हे पाहुण्यांच्या मुलांना आधीच बजावावे. पुण्यासाताऱ्याकडील कितीतरी वाड्यांतील अशी चित्रे चुन्याच्या एका हाताखाली गडप झाली. येथली राहिली आहेत.

सूरसागराच्या काठी आलात म्हणजे न्यायमंदिर दिसते. १८९६ साली बांधून झालेली ही इमारत महाराजांच्या दिवंगत पत्नी पहिल्या चिमणाबाई यांच्या नावाने उभारली. येथे शतकाहून अधिक काळ न्यायालय भरत असे. २०१८ साली न्यायालय नव्या इमारतीत गेले आणि ही वास्तू रिकामी झाली. वापर थांबला की इमारत लवकर म्हातारी होते. जवळच संगीताचे महाविद्यालय आहे. त्याचे मूळ मौलाबक्ष यांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेत आहे. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ हे येथील दरबारचे गवई. ज्या पाहुण्यांना गाण्याची आवड आहे त्यांना एवढी नावे सांगितली की ते तलावाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात.

दुसरा दिवस सयाजीबागेसाठी ठेवावा. विश्वामित्रीच्या काठची ही शंभराहून अधिक एकरांची बाग १८७९ साली तयार झाली. तिला कमाटीबाग असेही म्हणतात. प्रवेशद्वाराजवळचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याला सारे गाव ‘काळा घोडा’ म्हणते, तो पाहून आत गेले की मुले प्राणिसंग्रहालयाकडे आणि लहान आगगाडीकडे धावतात. धावू द्यावीत. नदीच्या पात्रात मगरी आहेत, भर शहरातून वाहणाऱ्या नदीत त्या पिढ्यान् पिढ्या राहतात. पुलावरून त्या दिसल्या तर पाहुण्यांना राजवाड्यापेक्षाही त्याचीच आठवण राहील. मोठ्यांना मात्र संग्रहालयात न्यावे. १८९४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे आणि १९४४ साली मही नदीत शिरलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्यांच्यापुढे नेहमी गर्दी असते. अकोट्याच्या धातुमूर्तींपुढे गर्दी नसते. अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक, आजच्या शहराचाच एक भाग. तेथे १९५१ साली जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, आणि उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. यांतील काही मूर्ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. जीवंतस्वामींच्या मूर्तीपुढे पाच मिनिटे गप्प उभे राहावे.

याच बागेत आणखी एक जागा आहे, तिला आज संकल्पभूमी म्हणतात. ती पाहुण्यांना दाखविण्याचे पुष्कळ लोक विसरतात, कदाचित टाळतात. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यास आले. एवढ्या मोठ्या राजधानीत त्यांना राहण्यास खोली मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून ते राहिले. ते कोण हे कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांच्या दारीही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी या बागेत काढला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. विद्यार्थिमित्रहो, महाराजांनी शिष्यवृत्ती दिली हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच अभिमानास्पद आहे. पण त्याच राजधानीने त्या विद्वानास रात्रीपुरती जागा दिली नाही, हेही त्याच श्वासात सांगावयास हवे. राजाज्ञेने शाळा निघतात, ग्रंथालये निघतात; शेजाऱ्याचे दार तिने उघडत नाही. पाहुण्यांसह त्या वडापाशी जावे. फार बोलण्याची तेथे गरज नाही.

तेथून कीर्तिमंदिर जवळ आहे. महाराजांच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाच्या वेळी, १९३६ साली, गायकवाड घराण्यातील पूर्वजांचे हे स्मारक उभे राहिले. आतील भिंतींवर शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार मोठी भित्तिचित्रे काढली: गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरून नटीर पूजा, आणि महाभारतातील युद्ध. बाहेर दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हा भिंतीवर कुरुक्षेत्र रंगत होते. चित्रे पुरी झाल्यावर तिसऱ्या वर्षी राज्यच विलीन झाले. कीर्तिमंदिर घराण्याचे, पण त्या भिंती पाहण्यासाठी आज सर्व देशांतून कलेचे विद्यार्थी येतात.

आता राजवाडा. तो शेवटी ठेवण्याचे कारण तुम्हांस कळले असेलच. लक्ष्मीविलासाचे काम १८७८ च्या सुमारास हाती घेतले गेले तेव्हा महाराज पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला. १८८१ साली त्यांचा मृत्यू झाल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले व १८९० साली ते पुरे झाले. घुमट, झरोके, कमानी, मनोरा. मोगल, राजपूत आणि युरोपी धाटणीची सरमिसळ. दरबार हॉलमधील व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली फरसबंदी आणि बेल्जियमच्या रंगीत काचा पाहण्यासारख्या आहेत. बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट, हे वाक्य पाहुणे घरूनच ऐकून आलेले असतात. त्यांनी मापाकडे लक्ष देण्याऐवजी रंगांकडे द्यावे. राजा रविवर्मा यांनी या राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे काढली. आपल्या घरांतील दिनदर्शिकांवर जी सरस्वती, जी लक्ष्मी असते तिचे कूळ त्यांच्या कुंचल्याशी पोहोचते. आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात त्यांची पुष्कळ चित्रे एकत्र पाहावयास मिळतात. त्याच आवारात नवलखी विहीर आहे, तिच्यावर इ. स. १४०५ चा लेख आहे. राजवाड्याहून ती जवळजवळ पाच शतकांनी जुनी.

विहिरीवरून पाण्याची गोष्ट निघाली, ती सांगितल्याविना पुढे जाववत नाही. शहराच्या पूर्वेस असलेले आजव्याचे सयाजी सरोवर १८९२ साली तयार झाले. जगन्नाथ सदाशिवजी हे त्याचे अभियंते. सरोवराची पातळी शहरापेक्षा उंच असल्याने पाणी आपल्या ओघानेच नळांतून येई. तोवर लोक विहिरी व तलाव यांवर अवलंबून होते. आजही शहराच्या काही भागांस आजव्याचेच पाणी मिळते. तुमच्या घरी ते येत असेल तर पाहुण्यांनी बडोद्यातील पहिले प्रेक्षणीय स्थळ आल्या आल्या तांब्याभांड्यातून प्राशन केले असे समजावे.

तिसरा दिवस हाताशी असेल तर डभोईस जाता येईल. तेथील हिरा भागोळ हा कोरीव दरवाजा पाहण्याजोगा आहे, आणि १७३१ साली बाजीराव पेशवे व त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई तेथेच झाली. डभोई ते मियागाम हा देशातील पहिला अरुंद रुळांचा लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत असत, ही गोष्ट लहान मुलांना फार आवडते. पण एकच ठिकाण निवडावयाचे झाल्यास चांपानेर निवडावे. तीही राजधानीच. महमूद बेगड्याने १४८४ साली ती जिंकून नव्याने वसविली, १५३५ साली हुमायूनची स्वारी झाली आणि पुढे ते नगर रानाने गिळले. तेथील जामा मशिदीची कोरीव जाळी व मिनार पाहावेत, मग वर पावागडावर कालिकामातेच्या दर्शनास जावे. २००४ पासून या स्थळाची गणना जागतिक वारशात होते. बडोद्याहून अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. रोपवेची सोय असली तरी पुढे पायऱ्या चढाव्या लागतातच, आणि वैशाखात त्या नऊ वाजताच तापू लागतात. तेव्हा पहाटेच निघावे, आणि पाणी बरोबर घ्यावे.